विलापाची मुद्रा : प्राचीन अथेन्समधील अंत्यविधीची पात्रचित्रे आणि शोकाचा संकेत

१

संकेत आणि उत्कटता यांचा परस्परांशी विरोध असतो, हे आधुनिक समीक्षेचे एक फारसे न तपासलेले गृहीतक आहे. ठरलेल्या शब्दांत आणि ठरलेल्या हावभावांनी केलेला शोक आपल्याला औपचारिक वाटतो. मोजक्या शब्दांतला, स्वतःला आवरून धरणारा शोक अस्सल वाटतो. विलापिकेची चर्चा करताना, शोकात्मिकेतील प्रसंगांचे मूल्यमापन करताना, चित्र आणि शिल्प यांविषयी बोलतानाही हाच निकष नकळत लावला जातो. 'संयम' हा शब्द आपल्या समीक्षेच्या परिभाषेत जवळजवळ स्तुतिवाचक झाला आहे. ही अभिरुची मानवी स्वभावातूनच उपजलेली आहे असे मानण्याचे कारण नाही. तिला इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा प्राचीन अथेन्समधील अंत्यविधीशी निगडित असलेल्या मृत्पात्रांवर चित्रित झालेला आहे.

ही पात्रे इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षांच्या कालखंडात निर्माण झाली. त्यांच्याकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिल्या रीतीत पात्रचित्र हा समाजजीवनाचा दस्तऐवज मानला जातो : चित्रात जे दिसते ते त्या काळी घडत असे. दुसऱ्या रीतीत ते भावनेची अभिव्यक्ती मानले जाते, आणि मग भूमितीय आकृत्यांच्या 'बाल्यावस्थे'पासून पाचव्या शतकातील भावपूर्ण रेखाटनापर्यंत प्रगतीचा एक आलेख काढला जातो. या दोन्ही रीतींत एक गोष्ट निसटते. अंत्यविधीचे पात्र हे विधीचे केवळ चित्र नसून विधीतील एक साधन होते. ते थडग्यावर उभे राहत असे, किंवा मृताबरोबर पुरले जात असे. त्यावर काय रंगवायचे हा प्रश्न म्हणूनच कुणी, कुणासाठी, कोणत्या रीतीने शोक करावा या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. या चित्रांच्या इतिहासात शोकाचा संकेत क्रमाने क्षीण झाला आणि त्याबरोबर शोकाचे स्वामित्व बदलले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

ग्रीक अंत्यविधीचे तीन मुख्य टप्पे होते. मृतदेहाला स्नान घालून, तेल लावून, वस्त्रे नेसवून मृतशय्येवर ठेवणे, म्हणजे प्रोथेसिस; तेथून देह स्मशानभूमीकडे नेणे, म्हणजे एक्फोरा; आणि अखेर दफन किंवा दहन. देहाची तयारी घरातील स्त्रिया करीत. यांपैकी चित्रकारांनी प्रामुख्याने निवडला तो पहिला टप्पा. एक्फोरा क्वचित दिसते, प्रत्यक्ष दफन त्याहून क्वचित. ही निवड अर्थपूर्ण आहे. प्रोथेसिस हा विलापाचा समय होता : मृत अजून घरातून गेलेला नाही आणि तो परतही येणार नाही, अशा मधल्या अवकाशात आक्रोश चालत असे. चित्रकाराने निवडलेला क्षण हा मृत्यूचा नव्हे, विलापाचा आहे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पात्र म्हणजे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील डिपिलॉन अँफोरा. ते इ.स.पू. ७६० ते ७५० या दशकातील मानले जाते. केरामेइकोस या स्मशानभूमीच्या परिसरात, नगराच्या डिपिलॉन वेशीजवळ ते एका थडग्यावर उभे होते. त्याची उंची दीड मीटरहून अधिक आहे. म्हणजे ते हाताळण्याचे भांडे नाही, जवळजवळ माणसाच्या उंचीचे स्मारक आहे. साधारणपणे स्त्रियांच्या थडग्यावर अँफोरा आणि पुरुषांच्या थडग्यावर क्रेटर ठेवला जाई. या पात्राचा बहुतेक सर्व पृष्ठभाग भूमितीय नक्षीच्या पट्ट्यांनी व्यापलेला आहे. मानेवर चरणाऱ्या हरणांची आणि बसलेल्या बकऱ्यांची ओळ आहे. मनुष्याकृती येतात त्या दोन मुठींच्या दरम्यानच्या एका अरुंद चौकटीत. मध्यभागी मृतशय्येवर एक स्त्रीदेह आहे. त्याच्या वर चौकटीचौकटींचे आच्छादनवस्त्र जणू उचलून धरले आहे, जेणेकरून देह दिसावा. दोन्ही बाजूंना उभ्या आकृती आहेत, मृतशय्येखाली काही गुडघे टेकलेल्या आणि काही आसनावर बसलेल्या. जवळजवळ प्रत्येकीचे दोन्ही हात डोक्यावर आहेत.

दोन्ही हात डोक्यावर नेणे, केस उपटणे, ही स्त्रीविलापाची मुद्रा होय. पुरुष बहुधा एकच हात उचलतात, निरोप द्यावा तसा. या काळातील आकृती काळ्या छायाकृती आहेत. त्यांना चेहरा नाही, वय नाही. अनेकदा स्त्री आणि पुरुष हा भेदसुद्धा मुख्यत्वे या मुद्रेवरूनच कळतो. गुद्रुन आल्बेर्ग यांनी भूमितीय कलेतील प्रोथेसिस आणि एक्फोरा यांवरील आपल्या १९७१च्या ग्रंथात या मुद्रांचे बारकाईने वर्गीकरण केले आहे. त्या वर्गीकरणातून जाणवते ते असे की, येथे व्यक्ती अगोदर आणि तिचा शोक नंतर, असा क्रम नाही. मुद्रा हीच व्यक्तीची ओळख आहे. शोक करणारी ती स्त्री.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. उभ्या स्त्रीचे धड त्रिकोणी आहे, आणि डोक्यावर वाकवून नेलेल्या दोन हातांमुळे त्या त्रिकोणावर एक चौकोन तयार होतो. हा आकार ओळीने पुन्हा पुन्हा येतो. वर आणि खाली असलेल्या नक्षीच्या पट्ट्यांतही एकेक आकार असाच पुन्हा पुन्हा येत असतो. विलाप आणि नक्षी यांचे व्याकरण एकच आहे. हे कलेचे मागासलेपण मानले तर या पात्राचे सामर्थ्यच दृष्टीआड होते. चित्राला आवाज नसतो; परंतु आवाजाची रचना त्याला उभी करता येते. ग्रीक विलाप हा प्रतिसादाचा प्रकार होता : एकीने उच्चारावे आणि इतरांनी साथ द्यावी. मार्गारेट अलेक्सिउ यांनी ग्रीक परंपरेतील विधिविलापाचा १९७४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे प्रतिसादाचे तत्त्व प्राचीन काळापासून आधुनिक ग्रामीण विलापगीतांपर्यंत कसे टिकून राहिले ते दाखविले आहे. डिपिलॉन अँफोरावरील एकसारख्या आकृतींची ओळ ही या प्रतिसादाची दृश्य प्रतिरूपे आहेत. पुनरावृत्ती हे येथे ध्रुवपदाचे काम करते.

३

या ठिकाणी होमरकडे वळणे क्रमप्राप्त आहे. कारण इलियड या महाकाव्याची घडण साधारणपणे याच शतकाच्या आसपास ठेवली जाते. महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गात हेक्टरचा देह घरी आणून शय्येवर ठेवला जातो. त्याच्याजवळ विलापगायक बसविले जातात. नंतर पत्नी अँड्रोमकी, आई हेकुबा आणि भावजय हेलन या तिघी क्रमाने विलाप करतात. अँड्रोमकी हेक्टरचे मस्तक हातांत धरून बोलते. प्रत्येकीच्या विलापानंतर समूहाची साथ येते : पहिल्यांदा स्त्रियांची, आणि शेवटी, हेलनच्या बोलण्यानंतर, अगणित लोकसमुदायाची. जाणत्या गायकांचा 'थ्रेनोस' आणि आप्त स्त्रियांचा 'गोओस' अशी विलापाची दोन अंगे या सर्गात स्पष्ट दिसतात. मध्यभागी देह, त्याच्या मस्तकाशी सर्वांत जवळची स्त्री आणि भोवती साथ देणारा समूह ही कवितेतील रचना पात्रचित्रातही आढळते. यावरून चित्रकाराने महाकाव्य 'रंगविले' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कवी आणि चित्रकार दोघेही एकाच विधीकडे पाहत होते.

आपल्या प्रतिपादनाच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचा आहे तो एकोणिसाव्या सर्गातील एक छोटासा प्रसंग. पॅट्रोक्लसच्या देहावर ब्रिसीस ही बंदिवान स्त्री विलाप करते. तिच्याभोवतीच्या स्त्रिया तिला साथ देतात. आणि कवी सांगतो की त्या वरवर पॅट्रोक्लससाठी रडत होत्या, परंतु प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी रडत होती. या स्त्रियाही युद्धात पकडून आणलेल्या दासी आहेत. त्यांच्या मृतांचा रीतसर विलाप करण्याचा अवसर त्यांना मिळालेला नाही. दुसऱ्याच्या मृत्यूने तो मिळवून दिला आहे.

आधुनिक वाचकाला हे वाक्य कदाचित ढोंगावर बोट ठेवणारे वाटेल. तसे ते नाही. संकेत नेमके काय काम करतो याची इतकी नेमकी जाण साहित्यात क्वचित आढळते. मुद्रा सर्वांची एक आहे म्हणूनच तिच्यात प्रत्येकीचे वेगळे दुःख सामावू शकते. शोकाचे रूप वैयक्तिक असते तर ते फक्त पॅट्रोक्लसच्या आप्तांचे राहिले असते. ते सांकेतिक आहे, म्हणून इतरांना उसने घेता येते. संस्कृत काव्यशास्त्राची परिभाषा आपल्या हाताशी असल्याने येथे अनुभाव आणि साधारणीकरण या संज्ञा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचा उपयोग सावधपणे केला पाहिजे. रसचर्चेत साधारणीकरण होते ते रसिकाच्या ठिकाणी, आणि प्रत्यक्ष शोक करणारा मनुष्य करुणरसाचा आस्वादक नसतो. ब्रिसीसभोवतीच्या स्त्रिया रसिक नाहीत. त्या शोकग्रस्तच आहेत. विधीमध्ये भावनेचे जे सामायिक होणे घडते ते आस्वादाच्या पूर्वीचे आहे. डिपिलॉन अँफोरावरील चेहरा नसलेल्या, एकसारख्या स्त्रियांच्या ओळीकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचे एकसारखेपण हे उणेपण राहत नाही. त्यांतील कोणती मृत स्त्रीची मुलगी आणि कोणती शेजारीण हे चित्र सांगत नाही. ते सांगण्याची त्याला गरज नाही.

४

ही गरज नंतर निर्माण झाली. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या प्रारंभी सोलोनने अथेन्ससाठी जे कायदे केले, त्यांत अंत्यविधीवर निर्बंध घालणारे काही कायदे परंपरेने त्याच्या नावावर आहेत. त्याचे आर्खोनपद इ.स.पू. ५९४ मधील मानले जाते. या कायद्यांची माहिती आपल्याला मिळते ती बऱ्याच नंतरच्या लेखनातून : डेमॉस्थेनीसच्या नावावर असलेल्या, चौथ्या शतकातील एका न्यायालयीन भाषणातून, आणि त्यानंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी प्लुटार्कने लिहिलेल्या सोलोनचरित्रातून. भाषणात उद्धृत केलेल्या कायद्यानुसार प्रोथेसिस घराच्या आत करावयाची होती. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी देह बाहेर न्यावयाचा होता. पुरुषांनी पुढे आणि स्त्रियांनी मागे चालावयाचे होते. आणि साठ वर्षांखालील स्त्रियांपैकी केवळ ठराविक नात्यातील स्त्रियांनाच सहभागी होण्याची मुभा होती. प्लुटार्क सांगतो की स्वतःच्या अंगावर ओरखडे काढणे, रचलेले विलाप म्हणणे आणि एकाच्या अंत्यविधीत दुसऱ्याच कुणा मृतासाठी आक्रोश करणे यांना मनाई करण्यात आली.

या शेवटच्या कलमाकडे अभ्यासकांचे लक्ष बहुधा खर्चाच्या आणि कुलीन घराण्यांच्या स्पर्धेच्या संदर्भात गेले आहे. मोठ्या घराण्यांचे अंत्यविधी म्हणजे सामर्थ्याचे जाहीर प्रदर्शन असे, जुनी वैरे तेथे चेतविली जात, आणि उदयोन्मुख नगरराज्याला ते नको होते. हे स्पष्टीकरण योग्यच आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला या कलमात होमरच्या त्या प्रसंगाचा थेट प्रतिषेध दिसल्यावाचून राहत नाही. ब्रिसीसभोवतीच्या स्त्रियांनी जे केले, तेच येथे बेकायदा ठरविले आहे. दुसऱ्याच्या मृत्यूचे निमित्त करून आपल्या दुःखासाठी रडावयाचे नाही. शोक ज्याचा त्याने, ज्याच्या त्याच्यासाठी करावयाचा. रचलेल्या विलापांवरील बंदीचा रोखही तोच आहे. कारण रचलेला विलाप कोणत्याही मृतासाठी म्हणता येतो. कायद्याने नुसता आवाज कमी केला नाही. शोकाला मालकी दिली.

यानंतर पात्रचित्रांतून विलाप नाहीसा झाला असता, तर इतिहास फार सोपा झाला असता. तसे घडले नाही. सोलोननंतर अर्ध्या शतकाने, सुमारे इ.स.पू. ५४० मध्ये, एक्झेकियास या थोर चित्रकाराने थडग्यावर बसविण्याच्या मातीच्या फलकांची एक मालिका रंगविली. तिचे अवशेष आज बर्लिनमध्ये आहेत. त्यांतही मृतशय्या आहे, विलाप करणाऱ्या स्त्रिया आहेत. शतकाच्या अखेरीपर्यंत असे फलक आणि लूट्रोफोरोस नावाची उंच मानेची पात्रे विलापदृश्यांनी भरलेली दिसतात. लूट्रोफोरोस हे विवाहस्नानाचे पाणी आणण्याचे पात्र. अविवाहित मृताच्या थडग्यावर ते ठेवण्याची प्रथा होती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील, क्लेओफ्रादीस चित्रकाराचा म्हणून ओळखला जाणारा इ.स.पू. ४८०च्या सुमाराचा लूट्रोफोरोस पाहिला, तर केस उपटणाऱ्या स्त्रिया आणि हात उंचावणारे पुरुष सोलोननंतर शंभरहून अधिक वर्षांनीही आपापल्या जागी आहेत. कायद्याने रस्त्यावरून घरात ढकललेला विलाप चित्राने थडग्यावर, म्हणजे पुन्हा उघड्यावर, आणून ठेवला. चित्राला दस्तऐवज मानणाऱ्या रीतीची मर्यादा येथे उघड होते : जे व्यवहारात आवरले जात होते ते जतन करण्याचे काम चित्र करीत होते.

तरीही या काळातील चित्रात एक बदल घडला आहे, आणि तो कायद्याच्या दिशेनेच आहे. लूव्रमध्येच एक मातीचा फलक आहे. तो सहाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील असून सॅफो चित्रकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराचा मानला जातो. मृतशय्येभोवती घरातील माणसे आहेत. कृष्णाकृती शैलीच्या रिवाजानुसार स्त्रियांची त्वचा पांढरी आणि पुरुषांची काळी आहे. आकृतींजवळ अक्षरे लिहिलेली आहेत : आई, वडील, बहीण, भाऊ, आजी, आणि एकीजवळ वडिलांच्या बाजूची आत्या असल्याचा स्पष्ट निर्देश आहे. विशेषनाम एकाचेही नाही. शिवाय 'ओइमोइ' हा शोकोद्गारही चित्रात लिहिलेला आहे.

हा लहानसा फलक डिपिलॉन अँफोराशेजारी ठेवून पाहावा. तेथे ओळ होती; येथे कुटुंब आहे. तेथे मुद्रेने स्त्री ओळखू येत होती. येथे नाते लिहून सांगावे लागते. कायद्याने विलापाचा अधिकार नात्याच्या मर्यादेत बांधला, आणि फलक जणू त्या अधिकाराची यादी देतो : येथे जी रडते आहे तिला रडण्याचा हक्क आहे. त्याच वेळी आवाज दाखविण्याची रीतही बदलली आहे. अँफोरावर पुनरावृत्तीची रचना आवाजाचे काम करीत होती. येथे आवाज अक्षररूपाने लिहावा लागतो. विलाप अजून आहे, परंतु तो वाचावा लागतो. परंपरेचा जोर ओसरू लागला म्हणजे तिला स्वतःचा अर्थ शब्दांत नमूद करावा लागतो, हा साहित्येतिहासातील अनुभव येथेही येतो.

५

तिसरा टप्पा श्वेतभूमी लेकिथोसांचा. लेकिथोस म्हणजे तेल ठेवण्याचे अरुंद मानेचे पात्र. इ.स.पू. ४७०च्या सुमारापासून शतकाच्या अखेरीपर्यंत अथेन्समध्ये पांढऱ्या लेपावर चित्र काढलेली असंख्य लेकिथोस पात्रे मृतांसाठी बनविली गेली. लाल आणि काळ्या चित्रांची अथेन्सची पात्रे मोठ्या प्रमाणावर इटलीत, एत्रुरियात जात. ही पांढरी पात्रे मुख्यत्वे अ‍ॅटिकामध्ये आणि समोरच्या युबिया बेटावरील एरेट्रिया येथे सापडतात. ती घरच्या मृतांसाठीच होती. त्यांवरील काही रंग पात्र भाजल्यानंतर दिलेले असल्याने सहज उडून जातात. रोजच्या वापराला ती निरुपयोगी होती. काहींच्या आत तेलासाठी एक छोटीशी कुपी बसविलेली असे, म्हणजे थोड्याशा तेलात भांडे भरलेले दिसे. अ‍ॅरिस्टोफेनीसने 'एक्लेसियाझूसाय' या सुखात्मिकेत मृतांची लेकिथोस रंगविणाऱ्या चित्रकाराचा विनोदाने उल्लेख केला आहे. यावरून हा व्यवसाय किती परिचित होता ते कळते.

या पात्रांवर मृतशय्या पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील, सॅबुरॉफ चित्रकाराचे म्हणून ओळखले जाणारे एक लेकिथोस प्रोथेसिसचेच आहे. परंतु आता प्राधान्य आहे ते थडग्याच्या भेटीला. पायऱ्यांवर एक उंच स्मृतिशिला उभी आहे. तिला फिती बांधलेल्या आहेत. पायऱ्यांवर लेकिथोस ठेवलेली आहेत, म्हणजे पात्र स्वतःच स्वतःच्या चित्रात आले आहे. एका बाजूला फितींची टोपली घेऊन आलेली स्त्री. दुसऱ्या बाजूला एक तरुण, उभा किंवा पायरीवर बसलेला. तो कोण? पुष्कळदा तो मृतच असतो, आणि ती त्याला पाहत नाही. किंवा पाहते आहे की नाही हे ठरविता येत नाही. अन्यत्र मृतांचा नावाडी कॅरोन होडी घेऊन थांबलेला असतो, किंवा निद्रा आणि मृत्यू हे दोघे पंखधारी बंधू योद्ध्याचा देह अलगद उचलीत असतात. या रेषेत जे साधले आहे ते पाश्चात्य चित्रकलेत क्वचितच पुन्हा साधले. येथे चेहऱ्याला मौन आहे, दृष्टीला दिशा आहे, दोन आकृतींमधील रिकाम्या जागेला अर्थ आहे.

आणि समूह राहिलेला नाही. आता दोनच व्यक्ती, एक जिवंत आणि एक मृत, आणि त्यांच्यामध्ये दगड. चित्रकला वैयक्तिक भाव दाखविण्यास समर्थ झाली तेव्हाच विलाप चित्रातून मागे सरला. हा योगायोग मानणे कठीण आहे, जरी त्याला एकच कारण देणे तितकेच अयोग्य ठरेल. पात्राचा प्रकार बदलला, विधीतील निवडलेला क्षण बदलला. लूट्रोफोरोसावर विलापदृश्ये अजूनही येत होती. साहित्यप्रकाराप्रमाणेच पात्रप्रकारही आपला आशय काही अंशी स्वतःच ठरवितो. परंतु या सर्वांच्या मागे नगरराज्याची एक नवी भाषा उभी होती. युद्धात पडलेल्यांचे सार्वजनिक दफन आणि त्या प्रसंगी निवडलेल्या वक्त्याचे भाषण ही पाचव्या शतकातील अथेन्सची संस्था होती. थ्यूसिडिडीसने दिलेल्या इ.स.पू. ४३१-३० च्या हिवाळ्यातील वर्णनात आप्त स्त्रिया थडग्यापाशी विलाप करतात. मग पेरिक्लीस बोलतो, आणि अखेरीस आपापल्या माणसांसाठी शोक करून निघून जाण्यास सांगतो. 'आपापल्या' हा भाव लक्षणीय आहे. नगराचा शब्द सामायिक. शोक ज्याचा त्याचा. निकोल लोरो यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात या अंत्यभाषणाने अथेन्सने स्वतःची प्रतिमा कशी घडविली हे दाखविले, आणि १९९०च्या ग्रंथात मातांच्या शोकाची नगराला वाटणारी भीती तपासली. विलापाने जी जागा मोकळी केली, तीत गद्य भाषण येऊन बसले.

विलाप पूर्णपणे कधीच हद्दपार झाला नाही. तो रंगभूमीवर गेला. शोकात्मिकेत पात्रे आणि वृंद यांनी मिळून केलेल्या विलापाला अ‍ॅरिस्टॉटल 'कोम्मोस' म्हणतो. या शब्दाच्या मुळाशी ऊर बडवण्याची क्रिया आहे. ज्या शतकात लेकिथोसावरील स्त्री मूकपणे फीत बांधीत होती, त्याच शतकात पुरुष नट स्त्रीचा मुखवटा चढवून हजारो नागरिकांसमोर आक्रोश करीत होते. स्त्रीचा विलाप आपल्यापर्यंत पोहोचतो तो पुरुषाच्या कवितेतून, पुरुषाच्या नाट्यातून. हे विसरता येत नाही. प्लेटोला रंगभूमीवरील हा आश्रयही मान्य नव्हता. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या खंडात थोर पुरुषांच्या तोंडचे विलाप कवितेतून काढून ते स्त्रियांना, त्यांतही हलक्या स्त्रियांना द्यावेत असे म्हटले आहे; आणि 'फीडो'मध्ये मरणाच्या दारातील सॉक्रेटिस रडणाऱ्या मित्रांना बजावतो की याच कारणासाठी आपण स्त्रियांना दूर पाठविले होते. समीक्षेच्या इतिहासातील पहिल्या मोठ्या बहिष्कारांपैकी एक हा विलापावरील बहिष्कार आहे.

६

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येता येईल. आधुनिक युरोपची ग्रीक कलेविषयीची कल्पना अठराव्या शतकात घडली. विंकेलमानने १७५५ मध्ये ग्रीक कलेचे मर्म उदात्त साधेपणात आणि शांत भव्यतेत पाहिले. १७६६ मधील 'लाओकोऑन'मध्ये लेसिंगने त्याला महत्त्वाची दुरुस्ती केली : ग्रीक माणसाला आक्रोशाची लाज वाटत नव्हती, त्याचे काव्य आक्रोशाने भरलेले आहे, मात्र चित्र आणि शिल्प यांना सौंदर्याचा नियम पाळावा लागत असल्याने तेथे किंकाळीचा निःश्वास होतो. इफिजिनियाच्या बलिदानाच्या चित्रात टिमँथीसने अ‍ॅगॅमेम्नॉनचा चेहरा वस्त्राने झाकला, याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण याच विचारातून आलेले आहे.

परंतु विंकेलमान आणि लेसिंग यांच्यासमोर डिपिलॉनची पात्रे नव्हती. त्या स्मशानभूमीतील मोठे शोध १८७१ पासून लागले. 'संयमी ग्रीक' ही कल्पना रूढ झाल्यावर शंभर वर्षांनी ही पात्रे जमिनीतून बाहेर आली; आणि तोपर्यंत डोळ्यांना लागलेल्या वळणामुळे ती 'आदिम' ठरली. लेसिंगच्या सिद्धान्ताला ती एक गंभीर हरकत उपस्थित करतात. आक्रोश दाखविण्यासाठी तोंड वासलेला, विद्रूप झालेला चेहराच हवा हे त्याचे गृहीत होते. डिपिलॉनच्या कारागिराला चेहरा लागलाच नाही. त्याने आक्रोश दाखविला तो मुद्रेने आणि पुनरावृत्तीने, आणि सौंदर्याचा कोणताही नियम न मोडता. चित्र आक्रोश दाखवू शकत नाही हे खरे नाही. एकट्या व्यक्तीचे चित्र तो दाखवू शकत नाही, एवढेच खरे आहे. लेसिंगने जी माध्यमाची मर्यादा मानली ती व्यक्तिकेंद्री कलेची मर्यादा आहे.

श्वेतभूमी लेकिथोसावरील त्या मूक स्त्रीचे सौंदर्य यामुळे कमी होत नाही. तिच्यासमोर आपण थांबतो, कारण तिचा शोक आपल्या शोकासारखा आहे : खासगी, एकाकी, दुसऱ्याला न देता येणारा. मात्र हे साम्य म्हणजे मानवी अंतःकरणाचे सनातन सत्य नव्हे. त्या एकाकीपणाच्या मागे कायदा आहे, सार्वजनिक भाषण आहे, स्त्रियांच्या आवाजाची भीती आहे आणि तत्त्वज्ञाचा निषेधही आहे. संकेत खरा शोक झाकतो असे आपण म्हणतो, तेव्हा शोक ही ज्याची त्याची मालमत्ता आहे हा सोलोनच्या कायद्याचा सिद्धान्त आपण सौंदर्यशास्त्रात आणलेला असतो. डिपिलॉनच्या पात्रावरील स्त्रिया दुसराच सिद्धान्त मांडतात. त्यांचे हात एकाच रीतीने डोक्यावर गेले आहेत, म्हणून तेथे मृत स्त्रीचा शोक आहे आणि प्रत्येकीचा स्वतःचाही आहे. विलापिका, शोकात्मिका आणि लोकपरंपरेतील विलापगीते यांचे मूल्यमापन करताना संयम हा अनेक रूपांपैकी एका रूपाचा गुण आहे, साऱ्या शोकाचा निकष नव्हे, एवढे जरी समीक्षेने या पात्रांपासून घेतले तरी 'कृत्रिम' म्हणून बाजूला ठेवलेल्या बऱ्याच वाङ्मयाचे पुनर्वाचन आवश्यक ठरेल.